पेल्याची बाहेरची बाजू

(बी. ए., द्वितीय वर्ष)

मराठीच्या तासाला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी बोलताना आमच्या सरांनी 'परूशी' हा शब्द वापरला. वर्गात कुणालाच त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. सर म्हणाले, "बायबलातला शब्द आहे. कर्मठ आणि ढोंगी मनुष्य, असा अर्थ घ्या आणि पुढे चला." सारा वर्ग पुढे गेला, मी मात्र त्या शब्दापाशीच राहिले. ग्रंथालयातून मराठी 'नवा करार' घरी आणला तेव्हा आजीने विचारले, "कोणती पोथी आहे व ही?" मी म्हटले, "अभ्यासाची." ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. हा लेख त्या वाचनातून झाला आहे. मी ख्रिस्ती नाही. परंतु धर्माच्या नावाने चालणाऱ्या कर्मठपणाविषयी आणि दांभिकतेविषयी ख्रिस्ताने काय सांगितले आणि त्याचे नाव घेणाऱ्या मराठी माणसांनी ते कसे निभावले, हे पाहण्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही, अशी माझी समजूत आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय हे या विषयाचे मूळ ठिकाण होय. वधस्तंभावर जाण्यापूर्वीच्या दिवसांत यरुशलेमेत लोकसमुदायापुढे येशू बोलतो आहे. एरवी क्षमेची भाषा बोलणारा हा मनुष्य येथे शास्त्री आणि परूशी यांचा सात वेळा धिक्कार करतो. पुदिना, शेप आणि जिरे यांचासुद्धा दहावा हिस्सा मोजून देवाला देता आणि न्याय, दया, निष्ठा या भारी गोष्टी सोडून देता, असा त्याचा आरोप आहे. चिलट गाळून काढता आणि उंट गिळता, असेही तो म्हणतो. आपल्याकडे पाणी फडक्याने गाळतात तसा तिकडे द्राक्षारस गाळीत, कारण त्यात चिलट पडले तर पिणारा अशुद्ध होई. उंटही त्यांच्या शास्त्राप्रमाणे अशुद्धच. पेला आणि ताट बाहेरून घासूनपुसून स्वच्छ ठेवता, पण आत लूट आणि हावरेपणा भरला आहे, हा त्याचा आणखी एक आरोप. हा पेला माझ्या डोक्यातून जाईना. का, ते पुढे सांगेन.

एक गोष्ट मात्र घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. जिऱ्याचा दहावा हिस्सा देऊ नका, असे येशू म्हणत नाही. तेही करा पण हे सोडू नका, असे तो म्हणतो. अध्यायाच्या आरंभीच तो सांगतो की हे लोक शिकवतात ते पाळा, ते करतात तसे मात्र करू नका. म्हणजे त्याचा राग नियमावर नाही. नियम पाळून दयेतून सुटका करून घेण्यावर आहे.

आता परूशी म्हणजे कोण? सरांनी दिलेला अर्थ शब्दकोशापुरता ठीक आहे. इतिहासात मात्र तो या लोकांवर अन्याय करणारा आहे. परूशी हे पुरोहित नव्हते. ते बहुतेक साधे, धर्मनिष्ठ गृहस्थ होते. मंदिरात पुरोहिताने जी शुद्धता पाळायची ती आपल्या घरातल्या ताटावरही पाळावी, म्हणजे सारे घरच मंदिर होईल, अशी त्यांची धारणा होती. मूळ कल्पना किती सुंदर! इ. स. ७० साली रोमनांनी यरुशलेमेचे मंदिर पाडले. त्यानंतर मंदिरावाचूनही यहुदी धर्म टिकला, याचे श्रेय बऱ्याच अंशी याच परंपरेला द्यावे लागते. त्यांच्यातलाच हिल्लेल नावाचा गुरू सांगत असे की जे स्वतःला नको वाटते ते शेजाऱ्याला करू नये, हेच सारे धर्मशास्त्र, बाकीची त्यावरची टीका. शुभवर्तमाने लिहिली गेली ती या दोन गटांत भांडण पेटलेले असताना, म्हणून त्यांत परूशांचे चित्र एकाच काळ्या रंगात आले आहे, असे आजचे अभ्यासक मानतात. पुढे शतकानुशतके युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी हा शब्द यहुद्यांना शिवीसारखा वापरला आणि त्याचे भयंकर परिणाम झाले. तेव्हा आपण तरी तो जपून वापरावा.

त्यांचे भांड्यांचे नियम वाचताना मला वारंवार आपलीच आठवण झाली. लेवीय या पुस्तकात सांगितले आहे की अशुद्ध प्राण्याचे प्रेत मातीच्या भांड्यात पडले तर ते भांडे फोडून टाकावे, लाकडाचे असेल तर पाण्यात घालून शुद्ध करावे. आपल्याकडे काय वेगळे? बाटलेले मडके फोडायचे, पितळेचा तांब्या राखेने घासून घ्यायचा. (आपल्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांनी फुटके गाडगेच डोक्यावर घेतले आणि त्यातच भाकर खाल्ली, ते उगाच नव्हे.) यहुदी आचार्यांच्या 'मिश्ना' या ग्रंथात भांड्यांच्या शुद्धाशुद्धतेवर एक संपूर्ण प्रकरण आहे. भांड्याची आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी आणि कान किंवा मूठ आणखी वेगळी! दगडी भांड्याला मात्र विटाळ होत नाही, असा नियम होता. योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नात पाण्याचे सहा दगडी रांजण ठेवले होते ते त्यासाठीच. यरुशलेमेत आणि गालीलात उत्खननात अशी दगडी भांडी पुष्कळ सापडली आहेत. सुती वस्त्र विटाळते आणि रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी विटाळत नाही, हे आपले शास्त्र ज्यांनी ऐकले आहे त्यांना दगडी रांजणाचे नवल वाटणार नाही.

म्हणजे 'पेला बाहेरून स्वच्छ, आतून घाण' हे येशूचे बोलणे हवेतले नव्हते. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तो पेला होता.

मराठी बायबलात 'ढोंगी' असा शब्द आहे त्या जागी मूळ ग्रीक भाषेत नाटकातल्या नटाला लावतात तो शब्द आहे. सोंग घेणारा, बहुरूपी. येथे मला एक भेद करावासा वाटतो. कर्मठ मनुष्य आणि ढोंगी मनुष्य यांना आपण एकाच माळेत ओवतो, पण ते एक नव्हेत. कर्मठ मनुष्य अगदी प्रामाणिक असू शकतो. लक्ष्मीबाईंचे वडील घ्या. १८५७ च्या बंडानंतर घरातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्यानंतर या गृहस्थांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, इथपर्यंत मजल गेली. लक्ष्मीबाईंनी ते इतक्या विनोदाने लिहिले आहे की वाचताना हसू आवरत नाही, पण हसून झाल्यावर त्या माणसाची कीव येते. तो ढोंगी नव्हता. तो भ्यायलेला होता. त्याच्या भीतीचे हाल मात्र घरातल्या बायकामुलांनी सोसले.

मग ढोंग येते कोठून? माझे उत्तर असे की कर्मठ नियम सर्वांना पाळता येत नाहीत आणि मोडले असे कबूलही करता येत नाही, म्हणून माणसे नट होतात. याचे उदाहरण द्यायला मला यरुशलेमेला जायला नको. आमच्या घरी त्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीला आणि देवघराला हात लावायचा नाही. गेली तीन वर्षे मी घरी सांगतच नाही. बरणीला हात लावते, लोणचे वाढते, आणि ते नासत नाही. आईला कदाचित कळत असेल. तीही काही बोलत नाही. आम्ही दोघी आजीपुढे एक नाटक करतो. हे धाडस आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की हे सोंगच आहे, कारण आजीच्या समोर उभे राहून "मी बरणीला हात लावला" असे म्हणण्याची माझी छाती नाही.

मार्काच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या एका बाईची हकीकत आहे. त्यांच्या शास्त्राप्रमाणे ती सदाच विटाळशी. तिचा स्पर्श ज्याला होईल तोही अशुद्ध. गर्दीत मागून येऊन ती येशूच्या वस्त्राला चोरून हात लावते आणि बरी होते. गोष्ट येथे संपली असती तर ती नुसत्या चमत्काराची झाली असती. पण येशू थांबतो आणि मला कोणी हात लावला, असे विचारतो. बाई थरथर कापत पुढे येऊन सगळे खरे सांगते. तो तिला 'मुली' अशी हाक मारतो. स्वतःच्या शुद्धीसाठी तो स्नान करीत नाही की वस्त्र बदलीत नाही. मला यात विशेष वाटले ते हे की त्याने तिला चोरून बरे होऊ दिले नाही. चोरून मिळालेली सुटका तिला घेऊन जाऊ दिली असती, तर दुसऱ्या दिवशीही ती लोकांच्या नजरेत विटाळशीच राहिली असती.

पुण्याचे पंचहौद प्रकरण चोरीच्या याच प्रश्नावरचे आहे, आणि त्यातही पेलाच आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी माणसे तेथे होती. कार्यक्रमानंतर चहाबिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी मान राखायचा म्हणून पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी मागाहून उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली आणि गावात वणवा पेटला. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. त्यांनी चौकशीसाठी मंडळ नेमले. ग्रामण्य झाले, म्हणजे बहिष्कार. ज्यांच्यावर बहिष्कार त्यांच्या घरी श्राद्धपक्षाला, मुंजीला, लग्नाला भिक्षुक येईना.

या प्रकरणाची सुनावणी वाचताना मत्तयाचा तेविसावा अध्यायच पुन्हा वाचतो आहोत, असे वाटते. चहा प्यायला की नुसता पेला धरला? प्यायलेल्याला किती प्रायश्चित्त आणि धरलेल्याला किती? पुदिना, शेप आणि जिरे! टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. रानड्यांनी स्नेह्यांच्या घरगुती अडचणींखातर १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. त्यावर सुधारकांनी त्यांना दोष दिला, आणि रमाबाई रानड्यांनाही ते आवडले नव्हते, हे त्यांच्या आठवणींतून कळते. रानड्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. मित्रांच्या लेकीबाळींची लग्ने अडली असता आपले तत्त्व कुरवाळीत बसणे हाही एक प्रकारचा सोवळेपणाच नव्हे काय? परंतु एक प्रश्न उरतो. चहा प्यायलेल्या दिवशी पाप झाले नाही, नावे छापली त्या दिवशी झाले. ती छापली गेली नसती तर एकालाही प्रायश्चित्ताची गरज वाटली नसती. नियम देवासाठी होता की शेजाऱ्यासाठी?

आता या साऱ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की सोवळेओवळे हा हिंदूंचा रोग आणि ख्रिस्ती होणे हे त्यावरचे औषध. इतिहास तसे सांगत नाही, आणि ही गोष्ट मला मराठी ख्रिस्ती माणसांकडूनच कळली. दुसऱ्या शतकाच्या आसपासचे 'दिदाखे' नावाचे एक अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तक आहे. यहुदी धर्मनिष्ठ लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करीत. हे पुस्तक ख्रिस्ती मंडळींना बजावते की त्या ढोंग्यांसारखा उपास करू नका, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा! हे प्रथम वाचले तेव्हा मला मोठ्याने हसू आले. गुरू जाऊन पुरते एक शतकही झाले नसेल, आणि दांभिकतेवरचा उपाय म्हणून शिष्यांनी वार बदलले.

आपल्या देशात तर पंक्तीच वेगळ्या राहिल्या. तामिळ मुलखातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उच्च जातींतून आलेले ख्रिस्ती इतरांपासून निराळे बसत. प्रभुभोजनाच्या वेळीही पहिला मान त्यांचा. अखेर १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना जातिभेद तत्काळ आणि कायमचा बंद करा, असे पत्र काढावे लागले. कित्येकांनी ते मानण्याऐवजी मंडळी सोडणे पत्करले. ज्या पेल्यातून सर्वांनी एकत्र प्यावे म्हणून ख्रिस्ताने तो शिष्यांच्या हाती दिला, त्याच पेल्यावर भांडण!

पंडिता रमाबाईंची कहाणी याहून सूक्ष्म आहे. १८५८ मध्ये जन्मलेल्या या विदुषीने बालपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा केल्या. १८७० नंतरच्या दुष्काळात व्रते, उपास, दानधर्म सारे शास्त्राप्रमाणे करूनही आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आंतरजातीय विवाह, वैधव्य, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण. तेथे वाँटेज गावी जोगिणींच्या मठात राहून सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. परंतु मठातल्या ज्या सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांच्यावर आईसारखी माया केली, त्यांच्याशीच रमाबाईंचा प्रदीर्घ वाद झाला. रमाबाई मांस आणि अंडी खात नसत. तो जातीचा जुना अभिमान आहे, असे मठात समजले गेले. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, माझ्या देशाच्या भाषेतली का नकोत, असे त्या विचारीत. चर्चची अमुक मते चर्च सांगते म्हणून मान, असे म्हटले की त्या स्वतः बायबल उघडून वाचू लागत. तरुण पुरुषांना शिकवण्याची संधी आली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी ते अनुचित ठरविले. यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की भारतातल्या पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, तसलेच दुसरे आता मान वाकवून घेणार नाही. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केली आहेत. विद्यार्थिनींनी तरी ती मिळवून वाचावीत.

याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा तेथे येणाऱ्या ब्राह्मण विधवांना त्यांचे सोवळे पाळण्याची मोकळीक ठेवली. स्वतः जे जोखड फेकले ते दुसऱ्याच्या मानेवरून ओढून काढायचे नाही. (पुढे काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून १८९३ मध्ये मोठा वाद झाला आणि रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, तो भाग वेगळा.) नारायण वामन टिळकांनीही तेच केले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात नवऱ्याच्या घरी राहूनही लक्ष्मीबाईंनी काही दिवस आपले सोवळे वेगळे सांभाळले, आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. मग एके दिवशी ते त्यांचे त्यांनाच नकोसे झाले. जात देवाने केली असेल तर पशुपक्ष्यांत दिसते तशी ती माणसांतही डोळ्यांना दिसायला हवी होती, असा काहीसा विचार त्यांच्या मनात आला. शाळेत न गेलेल्या बाईने पाण्याच्या भांड्याकडे पाहत केलेले हे तत्त्वज्ञान आहे.

आणि शेवटी टिळकांनी मिशनचेही सोवळे सोडले. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. ख्रिस्ताच्या मागे जाऊ इच्छिणारे, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सारे तेथे एका पंक्तीला. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची रेघ हीच आतले आणि बाहेरचे ठरविते, त्या चर्चला हे रुचणे कठीण होते. दोन वर्षांच्या आत, १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले, त्यामुळे हा दरबार नीट भरलाच नाही. भरला असता तर त्यालाही पुढे उपासाचे वार मिळाले असते की काय, कोण जाणे.

आपल्या जिल्ह्याला हा विषय अगदीच परका नाही, हेही येथे सांगावेसे वाटते. यवतमाळला १९५३ पासून तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. देशभरातून विद्यार्थी ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला येथे येत. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. आमच्या गावातल्या कुणाला हे ठाऊक नाही. मलाही या लेखाच्या निमित्तानेच कळले.

आता त्या पेल्याविषयी. आमचे घर शेतकऱ्याचे. गाव उमरखेडपासून बसने अर्ध्या तासावर, पैनगंगेच्या अंगाला. थोडी हळद, बाकी कापूस आणि सोयाबीन. पुण्याच्या ब्राह्मणांच्या चहाची टिंगल करायला मला फार सोपे गेले असते, कारण आम्ही ब्राह्मण नाही. पण मी लहान असताना आमच्या पडवीच्या वळचणीला एक कपबशी खोचलेली असे. ती आमच्या सालदाराची. त्यांना मी मामा म्हणते, अजूनही. सकाळी ते आले की ती कपबशी स्वतः काढत, स्वतः विसळत आणि पुढे धरत. चहा ओतायचे काम माझे. किटलीची तोटी कपाला लागू न देता वरून धार धरायची, हे मला कुणी शिकवले ते आठवत नाही. आईला पाहून आले असावे. धार न सांडता धरते म्हणून आजीने माझे कौतुक केलेले मात्र स्पष्ट आठवते. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन.

पुढे ती कपबशी गेली. फुटली की फेकली, कोण जाणे. २०२० साली करोना आला आणि घरात कागदी कपांचे पाकीट आले. करोना गेला, पाकीट राहिले. घरची माणसे आणि पाहुणे चिनी मातीच्या कपांत चहा घेतात. मामा आणि शेतावरच्या बाया कागदी कपात. कोणी विचारलेच तर स्वच्छतेचे कारण तयार आहे, आणि ते खोटे आहे असे सिद्ध करता येत नाही. वळचणीची कपबशी निदान खरे बोलत होती. आमचे बाबा गावात आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीला सरबत वाटतात. तेही मनापासूनच वाटतात, हे मी जाणते. म्हणून 'ढोंगी' हा शब्द मला त्यांच्यासाठी वापरवत नाही, आणि दुसरा सापडतही नाही.

दिवाळीच्या सुटीत, मत्तय वाचून झाल्यावर, मी एके सकाळी मामांना घरातल्या कपात चहा नेऊन दिला. आजी ओट्यावर बसली होती. तिने पाहिले आणि मान वळविली. मामांनी कप हातात घेतला नाही. म्हणाले, "कागदाचा नाही का व बाई? सरले काय?" मी म्हटले, "आहेत, पण याच्यातच घ्या." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग उभ्याउभ्याच घोट घोट घेऊन त्यांनी चहा संपविला, नेहमीपेक्षा पुष्कळच लवकर. नळापाशी जाऊन कप दोनदा विसळला आणि आत न देता, पूर्वी जेथे वळचण होती त्या बाजूच्या भिंतीवर पालथा घातला. मी म्हटले, "मामा, द्या ना इकडे." ते म्हणाले, "राहू दे, वाळू दे त्याले," आणि शेतावर निघून गेले.

दुपारी मी तो कप आत आणला. मांडणीवर आमचे सहा कप एका रांगेत उलटे ठेवलेले असतात. पाच होते. सहाव्याची जागा मधली होती. मी तो कप टोकाला ठेवला, इतरांपासून थोडासा सोडून, आणि स्वयंपाकघरातून बाहेर आल्यावर माझ्या ते लक्षात आले.